खाण किती वेळा बोलते

गाववाल्याच्या त्या वीस मिनिटांच्या फिल्ममध्ये आमच्या गावातल्या पुढील गोष्टी होत्या: पाण्याच्या टाक्या दोन, बस स्टँड एक, बंद पडलेलं थिएटर एक, आमची शाळा एक, शाळेसमोरचं सायकलचं दुकान एक, म्हशी अकरा (शिंग मोडलेली दोनदा मोजली गेली असावी, म्हणून दहा धरा), दगडाची जुनी खाण एक, आणि माझी आई एक.

म्हशींपर्यंत मी शांत होतो. गाव काही माझ्या एकट्याचं नाही, हे मला कळतं. पाण्याच्या टाकीवर कुणाचा हक्क नसतो. पण आई ही वेगळी बाब आहे, आणि ती कंपनीच्या कँटीनमध्ये, भिंतभर मोठ्या पडद्यावर, माझी पूर्वपरवानगी न घेता, दुसऱ्याच्या गावाची ओळख म्हणून दाखवली जाते, तेव्हा माणसाने काय करावं याची कुठल्याही पुस्तकात सोय नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमची कंपनी वजनकाटे बनवते. कारखाना परदेशात, म्हणजे आमच्या दृष्टीने परदेशात. तिथल्या लोकांच्या दृष्टीने परदेशातले आम्हीच. कामाला निरनिराळ्या देशांतली माणसं आहेत, आणि ती जेवणाच्या सुट्टीत एकमेकांशी बोलत नाहीत असं एचआरच्या बाईंच्या लक्षात आलं. (बोलत होती. बाई आल्या की थांबत होती.) म्हणून त्यांनी दर शुक्रवारी ‘आमचं गाव, आमचं काम’ असा कार्यक्रम सुरू केला. एका शुक्रवारी कुणीतरी आपल्या गावाची ओळख करून द्यायची, पुढच्या वेळी कुणीतरी आपल्या कामाच्या जागेची. एका गावाला एकच पाळी, कारण वेळ मर्यादित. ज्यांची गावं समुद्रकाठी त्यांना टाळ्या जास्त पडतात, असं माझं निरीक्षण होतं.

आमच्या गावाला समुद्र नाही. त्यामुळे मी विचार करत होतो. विचार चालू असतानाच गाववाल्याने नाव देऊन टाकलं.

गाववाला सेल्समध्ये आहे. माझ्याच शाळेतला, माझ्या दोन वर्षं पुढे. कंपनीत आमच्या गावचे आम्ही दोघंच. तो जिथे भेटेल तिथे माझ्या खांद्यावर हात टाकून ‘हा माझा गाववाला’ अशी ओळख करून देतो, आणि ज्याचा हात वर तो मोठा दिसतो. त्याच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. त्याला दाट केस आहेत. त्याचा आवाज चांगला आहे. लोकांना तो आवडतो आणि त्यालाही लोक आवडतात. माझं वजनांशी बरं जमतं. मी कॅलिब्रेशनमध्ये आहे; कंपनीचा प्रत्येक काटा खरं बोलतो की नाही हे मी तपासतो. काटे माझ्या खांद्यावर हात टाकत नाहीत.

तर हा गाववाला रजेवर गावी गेला, कॅमेरा घेऊन फिरला, आणि फिरता फिरता आमच्या घरी पोचला. पडद्यावर दार उघडलं आणि आई दिसली. बाहेर जायची साडी नेसून ती घरातच उभी होती. गाववाला आत गेला. माझ्या खुर्चीत बसला. आईने त्याला चहा दिला, तो मगमध्ये. आणि तो मग साधा नव्हता. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मला दुसरं बक्षीस म्हणून मिळालेला तो मग काचेच्या कपाटात असतो. त्यातून आजवर कुणीही काही प्यायलेलं नाही. मीसुद्धा नाही.

“हा काही परका नाही हो,” आई कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली. “घरचाच आहे. आल्या आल्या स्टुलावर चढून जिन्यातला बल्ब बदलून दिला.”

खाली भाषांतराची ओळ आली. सगळ्या कँटीनने ‘आऽऽ’ असा मायेचा आवाज काढला. पॅकिंगमधल्या दाढीवाल्याने डोळे पुसले. शेजारी बसलेल्या हिशेबनीस बाई मला म्हणाल्या, “किती गोड आहे त्याची आई!”

“माझी आहे,” मी म्हणालो.

“हो, हो. आपल्या सगळ्यांचीच,” बाई म्हणाल्या.

फिल्मच्या शेवटी खाण आली. गावाबाहेर दगडाची जुनी खाण आहे. दोन उंच कडे समोरासमोर आणि मधे खोल रिकामी जागा. काठावर उभं राहून गाववाला ‘हॅलोऽऽ’ असं ओरडला आणि कॅमेऱ्याकडे वळून म्हणाला, “आमची खाण सात वेळा उत्तर देते.” त्या आवाजावर त्याने बासरी चढवली होती, त्यामुळे मोजायची सोय नव्हती. टाळ्या पडल्या. समुद्रापेक्षाही जास्त.

माझा हात आपोआप वर गेला.

“एक दुरुस्ती,” मी म्हणालो. “सात नाही. तीन.”

ही गोष्ट मला नक्की माहीत होती. आमचं सगळं लहानपण त्या खाणीच्या तळाशी क्रिकेट खेळण्यात गेलं. टाळी वाजवायची आणि मोजायचं, हा प्रयोग मी सहावीत वहीत लिहून काढला होता. तीन. चौथा आवाज ऐकू आला म्हणणारा माणूस कानाने ऐकत नसतो, हौसेने ऐकत असतो.

“अरे, सात असेल, नाहीतर तीन असेल,” गाववाला हसत म्हणाला. “बोलते हे महत्त्वाचं.”

ज्या कंपनीत काट्यावर ‘एक किलो असेल, नाहीतर तीन असेल, वजन आहे हे महत्त्वाचं’ असं लिहून चालत नाही, त्या कंपनीच्या कँटीनमध्ये या वाक्यावर लोक हसले. मी हसलो नाही. एचआरच्या बाईंनी मात्र दोन्ही हात जुळवले. “वा! मग पुढची कामाच्या जागेची पाळी तुमचीच. मोजणं हेच तुमचं काम. आम्हाला तुमची खोली दाखवा, आणि ही खाणही मोजून दाखवा!”

मी होकार दिला. आता वाटतं, तेव्हा फक्त मगबद्दल बोलायला हवं होतं.

त्या संध्याकाळी घरी फोन लावला. आईची एक पद्धत आहे. ती अंतराच्या प्रमाणात आवाज वाढवते. शेजारणीशी ती भिंतीपुरतं बोलते, शहरातल्या आत्याशी शहरापुरतं आणि माझ्याशी समुद्रापलीकडचं. मधे यंत्रं असतात, हे मी तिला पुष्कळ वेळा समजावलं आहे. “यंत्रं असतील रे,” ती म्हणते, “पण लांब आहेसच ना?” म्हणून मी फोन कानापासून वीतभर दूर धरतो.

“आई, तू त्याला माझा मग दिलास?”

“अरे, घरातले बाकीचे सगळे टवके उडालेले. पाहुण्याला काय त्यातून द्यायचा?”

“फिल्ममध्ये तर म्हणालीस घरचा आहे.”

“घरचा आहे म्हणूनच कपाटातला दिला! आणि त्याला सांग हं, बल्ब अजून मस्त चालतोय.”

हे वाक्य ती यापुढे प्रत्येक फोनवर म्हणणार होती. मी त्या बल्बची माहिती शोधून काढली. जिन्यात तो रोज चार तास लागतो असं धरलं, तर कंपनीच्या हमीप्रमाणे तो सतरा वर्षं चालेल. सतरा वर्षं आमच्या घरात दर संध्याकाळी गाववाल्याचा उजेड पडणार होता.

“बाबांना दे,” मी म्हणालो. “त्यांना खाणीत पाठवायचंय.”

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते विमा कचेरीतून निवृत्त झालेत, त्यामुळे कुठल्याही योजनेत आधी काय बिघडेल हे त्यांना दिसतं. “खाणीला आता कुंपण आहे,” ते म्हणाले. “रखवालदार आहे. पण जातो. टाळी वाजवायची आणि फोनवरून तुला ऐकवायची, एवढंच ना?”

“टाळी नाही बाबा. टाळी दर वेळी सारखी वाजत नाही. पोळपाट घ्या. दोन.”

“पोळपाट एकच आहे.”

“मग शेजारून आणा.”

इथे चूक झाली. शेजारून पोळपाट आणायचा म्हणजे कारण सांगावं लागतं, आणि कारण सांगितलं की ते खालच्या मजल्यावरच्या वकीलकाकांपर्यंत पोचतं. वकीलकाकांनी वकिली सोडून बरीच वर्षं झाली, पण वकिलीने त्यांना सोडलेलं नाही. ते पायऱ्या चढून आले आणि फोन बाबांच्या हातातून घेऊन माझ्याशीच बोलू लागले.

“हे बघ, तू परदेशात बसून प्रयोग करणार, आणि उद्या रखवालदाराने तुझ्या बापाला धरलं तर? सार्वजनिक ठिकाणी विनाकारण मोठा आवाज. कलम लागतं.”

“काका, विनाकारण कसं? प्रयोग आहे.”

“ते तू म्हणतोस. कागद काय म्हणतो? परवानगी काढायची. मी जातो बरोबर.”

आणि बाबांना एकट्याला सोडायचं नाही म्हणून ते खरोखरच त्यांच्याबरोबर नगरपालिकेत गेले. तिथला संवाद बाबांनी मला जसाच्या तसा सांगितला.

“लाउडस्पीकरची परवानगी?” कारकुनाने विचारलं. “स्पीकर किती?”

“एकही नाही.”

“मग परवानगी कशाची?”

“आवाज करण्याची.”

“कशाने?”

“पोळपाटाने,” बाबा म्हणाले. “गरज पडली तर तोंडाने.”

कारकुनाने साहेबांना विचारलं. साहेबांनी मान वर न करता सांगितलं की तोंडाचा अर्ज आपल्याकडे नाही. लाउडस्पीकरच्या अर्जावर संख्या शून्य लिहा. त्याप्रमाणे परवानगी मिळाली. त्यात एक अट छापलेलीच होती: आवाज पंचावन्न डेसिबलच्या वर जाऊ नये. पंचावन्न डेसिबल म्हणजे दोन माणसं टेबलावर बसून हवापाण्याबद्दल बोलतात तेवढा आवाज. म्हणजे नगरपालिकेने बाबांना खाणीच्या काठावर उभं राहून हळू आवाजात ओरडण्याची रीतसर मुभा दिली होती.

“अट मोडू नकोस म्हणावं,” वकीलकाका म्हणाले, “किंवा मोडली तर मोजू नकोस.”

मोजू नकोस! हे मला, कॅलिब्रेशनमधल्या माणसाला!

पहिल्या खेपेला बाबा आणि वकीलकाका दोघंच गेले. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. मी जेवणाच्या सुट्टीत माझ्या खोलीत कान लावून बसलो. बाबांनी पोळपाट आपटले. खट्‌. नंतर पूर्ण शांतता.

“ऐकलास?” बाबा ओरडले. “सुरेख आला!”

“काहीच नाही आलं.”

“काहीच कसं नाही? वकील, तुम्ही ऐकलंत ना?”

“स्पष्ट,” वकीलकाका म्हणाले. “साक्ष देतो.”

अकरा वेळा पोळपाट आपटले. ते दोघं तिथे डोलत होते आणि माझ्याकडे दर वेळी एकच खट्‌ आणि मग स्मशानशांतता. मी निकाल लिहिला: शून्य. आणि भाबडेपणाने ही अडचण जेवणाच्या टेबलावर बोलून दाखवली. गाववाल्याने ती ऐकली. “मी दाखवली तेव्हा सात होते,” तो हळहळत म्हणाला. “याने हात लावला आणि शून्यावर आले. बिचारी आमची खाण!” टेबल हसलं. दाढीवाल्याला तर ठसका लागला.

याचं कारण मला त्याच संध्याकाळी सापडलं, आणि सापडल्यावर मी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. व्हिडिओ कॉलचं यंत्र प्रतिध्वनीला दोष समजतं. बोलणाऱ्याचा आवाज परत आला की ते तो गुपचूप पुसून टाकतं, कॉल स्वच्छ ऐकू यावा म्हणून. म्हणजे जगातली सर्वांत हुशार माणसं वर्षानुवर्षं खपून जी गोष्ट नाहीशी करतात, नेमकी तीच मी त्यांच्याच यंत्रातून मागवत होतो. हे म्हणजे चाळणीतून पाणी आणायला पाठवून, वर आणणाऱ्याला बोल लावण्यासारखं झालं.

ते बंद करता येतं. ‘मूळ आवाज’ नावाचं बटण असतं. फक्त ते बाबांच्या फोनवर शोधायचं होतं.

“बाबा, सेटिंगमध्ये जा.”

“गेलो.”

“काय दिसतंय?”

“तू.”

“मी नाही, सेटिंग.”

“तू मधे आलायस, म्हणून सेटिंग दिसत नाही. बाजूला हो.”

मी खरंच बाजूला झालो. माणूस कुठल्या थराला जातो ते बघा.

दुसऱ्या खेपेपर्यंत बातमी सगळ्या गल्लीत पसरली होती. लोक खाणीवर घडीच्या खुर्च्या घेऊन आले. आत्या शहरातून आली. रखवालदाराने परवानगी वाचली, शून्य स्पीकर पाहून समाधानाने मान हलवली आणि स्वतःही एक खुर्ची ओढून बसला. आता मला मूळ आवाज येत होता, आणि मूळ आवाज म्हणजे काय हेही कळत होतं. पोळपाट वाजले की लोक टाळ्या वाजवत. टाळ्यांचाही प्रतिध्वनी येई, त्यावर लोक पुन्हा टाळ्या वाजवत. आत्या विचारत होती, “याला दिसतंय का मी आलेय ते?” पाऊण तासाच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये वापरण्याजोगी एकच नोंद मिळाली. वकीलकाका खोकले. तो खोकला चुकून पूर्ण शांततेत पडला आणि व्यवस्थित परत आला. एक, दोन, तीन.

मला इतका आनंद झाला की मी लगेच आईला फोन लावला.

“तीन, आई! मी म्हणत होतो तेच! वकीलकाकांचा खोकला तीन वेळा परत आला.”

“त्यांना म्हणावं औषध घ्या,” आई म्हणाली. “आणि तीन बिन काही नाही. सात आहेत.”

“तूसुद्धा त्याच्याच बाजूने?”

“बाजू कसली रे? मी ऐकलेत. तुम्ही पोरं तळाशी खेळत बसायचात आणि दिवेलागणीला मी काठावरून तुला हाक मारायचे. सात वेळा परत यायची.”

“आई, मी तिथेच होतो. मी मोजलेत. तीन.”

“तू कधी मोजलेस? तू पहिल्या हाकेलाच पळत सुटायचास. पुढचं कोण ऐकतंय? तू वर येईपर्यंत मला उद्योग काय होता, मीच मोजायचे.”

“हे शास्त्रीय नाही.”

“नसेल. बरं, त्याला सांगितलंस का, बल्ब...”

मी फोन ठेवला. तुम्हाला खरं सांगायचं तर मला त्या आकड्याचं काही वाटत नव्हतं. दोन वर्षं मी घरी गेलो नव्हतो, कारण माझी रजा दर वेळी तपासणीवाल्यांच्या तारखांमध्ये सापडायची. त्या दोन वर्षांत माझ्या खुर्चीत दुसरा बसला, माझ्या मगमधून दुसरा प्यायला, जिन्यात दुसऱ्याचा दिवा लागला. गावातली एकच गोष्ट उरली होती जी त्याच्यापेक्षा मला जास्त माहीत होती, आणि आई तीही त्यालाच देत होती.

तेव्हा ठरवलं: शुक्रवारी सगळ्यांसमोर, थेट खाणीतून. खुर्च्या नकोत, आत्या नको. फक्त बाबा, वकीलकाका आणि पोळपाट. आईचं नाव मी यादीत घातलं नव्हतं. ती आलीच. “मी लांब उभी राहीन,” ती म्हणाली, “तोंडातून अक्षर काढणार नाही.”

शुक्रवारी कँटीन भरलं होतं. आधी मी माझ्या कामाच्या जागेची ओळख करून दिली. आमच्या खोलीचं तापमान बारा महिने वीस अंश असतं. दार सावकाश लावावं लागतं, कारण वाऱ्यालाही वजन असतं. प्रमाण वजनं काचेच्या घुमटाखाली राहतात आणि त्यांना बोट लावायचं नाही, चिमट्याने उचलायचं. बोटाचा ठसा उमटला तरी ती बदलतात. एचआरच्या बाईंनी विचारलं, “मग तिथे तुम्ही एकटेच असता?” मी म्हणालो, गर्दीने काटे हलतात. बाई ‘अरेरे’ म्हणाल्या. याची गरज नव्हती.

मग मी पडद्यावर खाण आणली. बाबांनी फोन काठावरच्या दगडावर टेकवून ठेवला होता. त्यांच्या मागे दोन कडे आणि संध्याकाळचं ऊन. कँटीनचे मोठे स्पीकर लावले होते. माझ्या लॅपटॉपसमोरच्या खुर्चीत मी, म्हणजे तिकडे त्यांना मी दिसत होतो.

“पहिलं मापन,” मी म्हणालो.

खट्‌. आणि खाणीतून: खट्‌, खट्‌, खट्‌.

“दुसरं.”

खट्‌, खट्‌, खट्‌.

तिसरं मापनही तसंच झालं. मी उठून फळ्यावर मोठा ‘३’ काढला आणि त्याला गोल केला. टाळ्या पडल्या नाहीत, पण शास्त्र टाळ्यांवर चालत नाही. मी जागेवर येऊन बसलो आणि गाववाल्याकडे पाहिलं. तीन आठवडे ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच.

गाववाला उभा राहिला. त्याचा हात नेहमीप्रमाणे खांदा शोधत होता, पण मी लांब होतो.

“बरोबर आहे तुझं,” तो म्हणाला. “मी ओरडलो तेव्हा मलाही चारच आले होते. सात हा आकडा माझा नाही. तुझ्या आईने सांगितला. तिला विचारलं, गावातली खास गोष्ट कोणती, तर म्हणाली, खाण. सात वेळा बोलते. मी काकूंचं ऐकलं आणि सांगितलं.”

कँटीन माझ्याकडे वळलं. भाषांतराची गरज नव्हती. एका तरुणाने तीन आठवडे, दोन पोळपाट, एक नगरपालिका आणि सगळी कंपनी कामाला लावून आपल्या जन्मदात्री आईला खोटं पाडलं होतं. हिशेबनीस बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यांच्या ताळेबंदात माझी बाजू कायमची उणे झाली.

माझ्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायच्या निमित्ताने मी टेबलाखाली शिरलो. पेन लगेच सापडलं. मी मात्र तिथेच बसून राहिलो. तळाशी बरं वाटत होतं.

वरून स्पीकरमधून आईचा आवाज आला. “अहो, गेला का हा? खुर्ची रिकामी दिसतेय.”

“गेला असेल,” बाबा म्हणाले. “कामाच्या वेळा असतात त्यांच्या.”

“न सांगता?”

“कॉल अजून चालू आहे. वकील, बघा हो जरा.”

“रंग हिरवा आहे,” वकीलकाका म्हणाले. “म्हणजे असायला हवा. कायद्याने.”

“असा कसा गेला? व्हा बाजूला,” आई म्हणाली.

पावलं जवळ आली. ती फोनपाशी आली असणार, आणि फोनच्या पलीकडे खाण होती, आणि खाणीच्या पलीकडे मी, समुद्राइतका लांब. तिने अंतराचा अंदाज घेतला असावा. घरी मला ज्या नावाने हाक मारतात ते नाव मी या देशात कुणालाही कळू दिलं नव्हतं. मी पावणेसहा फूट आहे.

“टिल्ल्याऽऽऽऽ!”

मी पहिल्या हाकेलाच उठलो. डोकं टेबलाच्या फळीवर दाणकन आपटलं आणि मी परत खाली बसलो. कँटीनमध्ये कुणी हसलं नाही. कुणी खुर्चीही सरकवली नाही. आणि मला पळता येत नव्हतं, म्हणून मी तसाच डोकं धरून ऐकत राहिलो. समोरचा कडा बोलला. मग अलीकडचा. मग पुन्हा समोरचा.

नोंद मी जागेवरच, टेबलाखाली बसून केली. ती अशी:

स्रोत: आई. शब्द: टिल्ल्या. परवानगी: पंचावन्न डेसिबल, प्रत्यक्ष: मोजलेले नाहीत. पोळपाट: तीन. खोकला: तीन. गाववाला: चार, त्याच्या सांगण्यावरून. आई: सात.